मुलीच्या शिक्षणाचा पैसा परत येतो का? इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन प्रकारच्या लोकांकडून येतात. एक म्हणजे बारावीनंतर मुलीला कुठे घालायचं या विवंचनेतले रामबाग, सुदामानगर, राजेंद्रनगरचे आईबाप. दुसरे म्हणजे अर्थशास्त्रात एम.ए. करणारे, ज्यांना याच विषयावर लघुप्रबंध लिहायचा असतो. दोघांना लागणारी आकडेमोड एकच आहे, म्हणून उत्तरंही एकत्र दिली आहेत. जिथे 'धरू' असं म्हटलंय तिथले आकडे हिशेब समजावा म्हणून मानलेले आहेत, बाजारभाव नव्हेत.

शिक्षणाचा 'परतावा' म्हणजे नेमकं काय मोजतात?

शिक्षणाच्या एका जास्तीच्या वर्षामागे कमाई किती टक्क्यांनी वाढते, ते. जेकब मिन्सर या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९७४ मध्ये रूढ केलेलं समीकरण आजही जगभर चालतं. एका बाजूला कमाईचा लॉग (नैसर्गिक लॉगरिदम, ज्यामुळे फरक रुपयांऐवजी टक्क्यांत वाचता येतो), दुसऱ्या बाजूला शिक्षणाची वर्षं, अनुभवाची वर्षं आणि अनुभवाच्या वर्षांचा वर्ग. शिक्षणाच्या वर्षांपुढे जो गुणक येतो त्याला परतावा म्हणतात. गुणक ०.१० आला की लोक सरळ दहा टक्के म्हणून मोकळे होतात. काटेकोरपणे तो साडेदहा होतो, पण इथे चालून जातं. ०.१५ च्या आसपास गेल्यावर मात्र फरक डोळ्यांत भरण्याइतका होतो.

या आकड्यात फी, बसभाडं, पुस्तकं यांतलं काहीच नसतं. म्हणून 'एफडीवर सात टक्के मिळतात आणि शिक्षणावर नऊ' अशी शेजारी शेजारी ठेवून तुलना करू नका. फी धरून करायचा हिशेब पुढे दिला आहे.

बाईचा परतावा पुरुषापेक्षा जास्त असतो, हे खरं का?

बहुतेक देशांत, हो. साखारोपौलोस आणि पॅट्रिनोस या अर्थतज्ज्ञांनी १३९ देशांतले हजाराहून जास्त अंदाज एकत्र करून २०१८ मध्ये जो आढावा घेतला, त्यात एका वर्षाचा जागतिक सरासरी परतावा सुमारे ९ टक्के निघतो आणि बायकांचा पुरुषांपेक्षा साधारण २ टक्क्यांनी वरचढ. पाकिस्तानच्या आकडेवारीवरच्या एका अभ्यासात पुरुषांचा परतावा ७ ते ११ टक्के आणि बायकांचा १३ ते १८ टक्के आला. शहरी चीनमध्ये १९८८ साली एका वर्षाचा परतावा जेमतेम ४ टक्के होता, २००१ पर्यंत तो १० च्या वर गेला, आणि तिथेही बायकांचा जास्तच राहिला.

आपल्या जवळचा पुरावाही आहे. १९८७-८८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीतली मध्यप्रदेश आणि तामिळनाडूची आकडेवारी घेऊन गीता किंगडन आणि जीमोल उन्नी यांनी २००१ मध्ये दाखवलं की शहरांत बायकांना पगारात मोठा भेदभाव सोसावा लागतो, पण त्याचं खापर शिक्षणावर फोडता येत नाही. कमी वर्षं शिकल्यामुळे बायकांचं जे नुकसान होतं, ते त्यांच्या जास्त परताव्यामुळे भरून निघतं. उलट निष्कर्षही आहेत. किंगडन यांनीच १९९५ च्या पाहणीवरून लखनौचा अभ्यास केला, त्यात मुलींचा परतावा मुलांपेक्षा कमी आला. शहर बदललं की उत्तर बदलू शकतं, हे लक्षात ठेवून पुढे वाचा.

बायकांना पगार तर कमी मिळतो. मग परतावा जास्त कसा?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. कारण साधं आहे: परतावा टक्क्यांत मोजतात आणि टक्का पायावर अवलंबून असतो.

धरू की बारावी झालेल्या मुलाला महिन्याला १५,००० मिळतात आणि पदवीधराला २०,०००. बारावी झालेल्या मुलीला ९,००० आणि पदवीधर मुलीला १४,०००. दोघांच्याही पगारात पदवीने घातलेली भर ५,००० रुपयांचीच. आता तीन वर्षांत वाटा. मुलाचं गुणोत्तर १.३३, त्याचा लॉग ०.२८८, भागिले तीन म्हणजे ०.०९६, अर्थात वर्षाला सुमारे १० टक्के. मुलीचं गुणोत्तर १.५६, लॉग ०.४४२, भागिले तीन ०.१४७, म्हणजे वर्षाला जवळजवळ १६ टक्के. रुपये तेवढेच, पण मुलीचा परतावा दीडपटीहून जास्त. आणि पदवीधर मुलगी अजूनही बारावी पास मुलापेक्षा हजार रुपये कमीच कमावते.

म्हणून 'मुलींना जास्त परतावा' ही बातमी वाचून मुलींची स्थिती चांगली आहे असा अर्थ काढणं चुकीचं. बऱ्याचदा तो आकडा न शिकलेल्या बाईचा पगार किती तळाला आहे, हेच सांगत असतो.

पाया इतका खाली का असतो?

न शिकलेल्या पुरुषाला हाताच्या कसबावर बरे पैसे मिळतात: गवंडी, वेल्डर, लोडिंग रिक्षा चालवणारा, नळजोडणीवाला. ही कामं बायकांना सहसा कोणी देत नाही आणि शिकवतही नाही. त्यांच्या वाट्याला धुणंभांडी, पोळ्या लाटणं, बिगारी, शेतमजुरी. शिकलेली बाई मात्र शाळा, बँक, सरकारी कचेरी, दवाखाना अशा ठिकाणी जाते, जिथे वेतनश्रेणी ठरलेली असते आणि ती बाई-पुरुष बघत नाही. म्हणजे शिक्षण बाईला कसब देतं, शिवाय जिथे भेदभाव जास्त तिथून जिथे कमी तिथे नेऊन ठेवतं. तिसरं कारण मोजमापाचं आहे. आकडेवारीत फक्त कमावणाऱ्या बायका येतात, आणि कोण कमवायला बाहेर पडतं हे नशिबावर ठरत नाही.

आमच्या मते पहिली दोन कारणं वजनदार आहेत. पण प्रबंधाच्या परीक्षेत तिसऱ्यावर अडकवतात, तेव्हा पुढचं उत्तर नीट वाचा.

ज्या बायका नोकरीच करत नाहीत, त्यांना हिशेबात कसं धरायचं?

धरायलाच हवं. २०२३-२४ च्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार भारतात १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी ७८.८ टक्के श्रमबलात (म्हणजे काम करणारे किंवा शोधणारे) आहेत, बायकांपैकी ४१.७ टक्के. शहरी भागात बायकांचा आकडा २८ वर येतो. २०१७-१८ मध्ये देशभराचा आकडा २३.३ होता, म्हणजे वाढ मोठी आहे. पण त्यातला बराच वाटा खेड्यातल्या स्वयंरोजगाराचा आणि घरच्या धंद्यात बिनपगारी हातभार लावण्याचा आहे. त्यामुळे ही वाढ बघून फार हुरळून जाण्यात अर्थ नाही.

हिशेब दोन पायऱ्यांत करा. आधी कामाला लागण्याची शक्यता, मग पगार, आणि दोन्हींचा गुणाकार. वरचंच उदाहरण घेऊ. धरू की मुलगे बारावीनंतर असोत की पदवीनंतर, शंभरातले नव्वद कमावतात. मुलींत बारावीवाल्या शंभरात वीस आणि पदवीधर शंभरात तीस. मुलाची अपेक्षित कमाई १३,५०० वरून १८,००० वर जाते, भर ४,५०० ची. मुलीची १,८०० वरून ४,२०० वर, भर २,४०० ची. टक्क्यांत पाहिलं तर मुलीची वाढ १३३ टक्के आणि मुलाची ३३. रुपयांत पाहिलं तर मुलीची वाढ मुलाच्या निम्म्याच्या आसपास.

दोन्ही आकडे खरे आहेत. सभेत कोण कुठला सांगतो, त्यावरून तो काय सिद्ध करायला आलाय ते कळतं.

फक्त कमावणाऱ्यांचेच पगार दिसतात, त्यातून येणारी चूक काढायला अभ्यासकांनी अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन यांची १९७९ मधली दुरुस्ती वापरावी. आधी 'काम करते की नाही' याचं समीकरण, त्यातून निघालेलं दुरुस्तीचं पद मग पगाराच्या समीकरणात. पहिल्या समीकरणात असा एक तरी घटक लागतो जो काम करण्यावर परिणाम करतो पण पगारावर नाही. सहा वर्षांखालची मुलं किती, घरात दुसरे कमावते किती, हे नेहमीचे पर्याय. असा घटक न घालता दुरुस्ती चालवली की संगणक उत्तर देतोच, पण ते निव्वळ वक्ररेषेच्या आकारावर उभं असतं आणि एक चल बदलला की चिन्हासकट पालटतं. अशा प्रबंधाला पहिला धक्का इथेच बसतो.

घरच्या घरी हिशेब कसा मांडायचा?

कागदाचे दोन भाग करा, डावीकडे खर्च, उजवीकडे वाढीव कमाई. खर्चात तीन ओळी.

पहिली ओळ थेट खर्चाची: फी, परीक्षा शुल्क, पुस्तकं, बसचा पास, मोबाइलचा डेटा. सरकारी कॉलेज, घरून ये-जा, तीन वर्षांचे मिळून ७०,००० धरू. खाजगी कॉलेजात ही ओळ सहज काही पट होते, त्यामुळे तिथे आपल्या कॉलेजचं माहितीपत्रक समोर ठेवूनच बसा.

दुसरी ओळ हुकलेल्या कमाईची. कॉलेजात न जाता ती तीन वर्षं काम केलं असतं तर काय मिळालं असतं? वरच्या आकड्यांनी मुलाचे १३,५०० गुणिले ३६ म्हणजे ४,८६,०००. मुलीचे १,८०० गुणिले ३६ म्हणजे ६४,८००. ही ओळ घरात कोणीच लिहीत नाही, आणि मुलाच्या शिक्षणाचा खरा खर्च तिच्यातच दडलेला असतो.

दोन ओळी मिळून मुलाचा खर्च ५,५६,००० आणि मुलीचा १,३४,८००. वर्षाची वाढीव अपेक्षित कमाई मुलाची ५४,०००, मुलीची २८,८००. व्याज न धरता मुलाचा पैसा दहा वर्षं आणि काही महिन्यांत वसूल होतो, मुलीचा पावणेपाच वर्षांच्या आत. 'मुलीवर खर्च परवडत नाही' म्हणणाऱ्यांनी हा एवढा भाग तरी मांडून पाहावा.

तिसरी ओळ कुठली?

घरकामाची. मुलगी कॉलेजात गेली की स्वयंपाक, धाकट्यांकडे पाहणं, आजीचं औषधपाणी यातला तिचा वाटा कमी होतो आणि तो आईवर येतो. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा बिनपगारी घरकामातला दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटं आला, पुरुषांचा ८८. हा वेळ फुकटचा नाही.

धरू की दिवसाला दोन तास कमी झाले, तासाला ५० रुपये, महिन्याचे २६ दिवस, ३६ महिने. होतात ९३,६००. मुलीचा एकूण खर्च २,२८,४०० वर जातो आणि वसुलीचा काळ जवळपास आठ वर्षांवर. अजूनही मुलापेक्षा कमीच. पण गरीब घरात, जिथे आई बाहेर कामाला जाते, तिथे हे दोन तास चार होतात, आणि नववी-दहावीतली मोठी मुलगी शाळेतून कमी होते ती बहुतेक वेळा याच ओळीमुळे. शिष्यवृत्ती फी भरते. धाकट्या भावाला कोण सांभाळणार, हा प्रश्न तिच्याने सुटत नाही.

लाडली लक्ष्मी आणि लाडली बहना हिशेबात कुठे टाकायच्या?

मध्यप्रदेशात २००७ पासून चाललेल्या लाडली लक्ष्मी योजनेत सहावीला २,०००, नववीला ४,०००, अकरावी आणि बारावीला प्रत्येकी ६,००० मिळतात. बारावीनंतर पदवी किंवा किमान दोन वर्षांचा व्यावसायिक अभ्यासक्रम घेतल्यास २५,००० दोन हप्त्यांत. पदवीचा हिशेब मांडत असाल तर हे २५,००० थेट खर्चातून वजा करा, कारण कॉलेजात गेली तरच मिळतात.

२१ व्या वर्षी मिळणारे १ लाख मात्र पदवीच्या हिशेबात घालू नका. त्याची अट बारावीच्या परीक्षेला बसणं आणि १८ वर्षांआधी लग्न न होणं ही आहे. पदवी असो वा नसो, ते मिळणारच. ही चूक फार जण करतात आणि पदवी फायद्याची नसतानाही फायद्याची दाखवतात. बारावीपर्यंत शिकवावं की नाही हा प्रश्न असेल, तर मात्र तो लाख धरायचाच.

लाडली बहनाचे दरमहाचे पैसे शिक्षणाशी बांधलेले नाहीत. सर्वेक्षणात ते वेगळ्या रकान्यात लिहा, कमाईत मिळवू नका.

सुकन्या समृद्धी खातं ही बचत आहे, मदत नव्हे. त्यातून मुलगी १८ ची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर शिक्षणासाठी आधीच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. तो आपलाच पैसा असतो, त्यामुळे खर्च कमी झाला असं समजू नका. शैक्षणिक कर्ज घेणार असाल तर बँकेत विद्यार्थिनींसाठीची व्याजसवलत जरूर विचारा. स्टेट बँकेत ती अर्ध्या टक्क्याची आहे, पण मागितल्याशिवाय पुष्कळदा कोणी सांगत नाही.

दहावी, बारावी की पदवी? कुठे थांबलं तर नुकसान जास्त?

जुन्या पुस्तकांत सर्वांत जास्त परतावा प्राथमिक शिक्षणाला असं लिहिलेलं आढळेल. भारतात गेल्या काही दशकांचे अभ्यास उलट सांगतात: टप्पा जितका वरचा, तितका एका वर्षाचा परतावा जास्त. मधल्या टप्प्यावर थांबलेल्या मुलीची अवस्था अवघड होते. शेतमजुरी किंवा धुणंभांडी करणं घराच्या इभ्रतीला कमी वाटतं, आणि बँक-शाळा-कचेरीला लागणारी पात्रता हातात नसते. म्हणूनच बायकांचा कामातला सहभाग शिक्षणानुसार इंग्रजी यू अक्षरासारखा दिसतो: निरक्षर बायका जास्त, दहावी-बारावीवाल्या सर्वांत कमी, पदवी आणि पुढे पुन्हा जास्त. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते बायकांच्या श्रमसहभागावरच्या कामासाठीच, आणि त्यांच्या अभ्यासातही असा यू आकार ठळकपणे येतो, फक्त तो शिक्षणानुसार नव्हे, तर देशाच्या आर्थिक विकासानुसार बदलणाऱ्या सहभागाचा आहे.

याचा व्यवहारातला अर्थ असा की बारावीला येऊन थांबणं कमाईच्या दृष्टीने वाईट सौदा ठरू शकतो. बारावीनंतर पैसा अपुरा असेल तर साधी बी.ए. की नर्सिंग, डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका), लॅब तंत्रज्ञ असा कामाला थेट जोडलेला अभ्यासक्रम, याचा विचार करा. वर्षांच्या संख्येपेक्षा शेवटच्या प्रमाणपत्रावर कोणती दारं उघडतात ते मोलाचं.

स्पर्धा परीक्षेबद्दल एक इशारा. राज्याच्या सरकारी भरतीत महिलांना ३५ टक्के आरक्षण आहे, त्यामुळे भंवरकुआंच्या क्लासांकडे ओढा वाढणं समजण्यासारखं आहे. पण क्लासची फी आणि खोलीचं भाडं जितकं दिसतं, तितकी चार-चार वर्षं वाट पाहण्यात गेलेली कमाई दिसत नाही. ती हुकलेल्या कमाईच्या ओळीत लिहाच, आणि किती प्रयत्नांनंतर थांबायचं ते आधी ठरवा.

शिकली आणि नोकरी केलीच नाही, तर पैसे वाया?

बाजारातल्या कमाईपुरतं बोलायचं तर ती कमाई शून्य. पण फायदा शून्य नव्हे. २०१० च्या एका जागतिक अभ्यासात १९७० ते २००९ या काळात पाच वर्षांखालच्या मुलांचे जे ८२ लाख मृत्यू टळले, त्यांतल्या ४२ लाखांचं श्रेय बायकांच्या वाढत्या शिक्षणाला दिलं आहे. हरितक्रांतीच्या काळातल्या भारतीय खेड्यांच्या आकडेवारीवरून दिसलं की साक्षर आईची मुलं घरी जास्त वेळ अभ्यास करतात, आणि त्या काळात साक्षर वधूंना मागणी वाढली ती यासाठीही. म्हणजे परतावा होता, फक्त तो पुढच्या पिढीच्या खात्यावर जमा झाला.

लग्नाच्या बाजारातला फायदा खरा असतो, पण त्याचा हिशेब निसरडा आहे. 'सुशिक्षित हवी, नोकरी चालेल, पण बदलीची नको' अशा अटींचं स्थळ तुम्ही पाहिलेलंच असेल. तिथे पदवीला किंमत आहे आणि पदवीच्या वापराला नाही.

मुलासाठी पैसा आहे, मुलीसाठी नाही. आईबापाने काय करावं?

पाकिस्तानच्या अभ्यासाचा जिव्हारी लागणारा भाग हाच होता: मुलींचा टक्का जास्त असूनही एकूण रुपये मुलांचे जास्त, आणि म्हातारपणी ते आपल्याच घरात राहणार अशी आईबापांची धारणा. त्यामुळे आईबापांचा निर्णय त्यांच्या बाजूने पाहिला तर मूर्खपणाचा नसतो, फक्त हिशेब त्यांच्या खात्याचा असतो, मुलीच्या खात्याचा नाही. आमचं मत असं की हुकलेली कमाई लिहून दोघांचे कागद शेजारी ठेवावेत. बहुतेक घरांत मुलीचा खर्च इतका कमी निघतो की 'एकालाच शिकवू शकतो' हे वाक्यच उभं राहत नाही.

मध्ये काही वर्षं नोकरी सोडली तर किती फटका?

पदवीमुळे महिन्याला ५,०००, म्हणजे वर्षाला ६०,००० जास्त मिळवणारी बाई घेऊ. नोकरीची ३० वर्षं, व्याज ७ टक्के. सलग काम केलं तर त्या वाढीव कमाईचं आजचं मूल्य (पुढे मिळणारा पैसा व्याजाच्या दराने घटवून) सुमारे ७,४४,५००. चार वर्षांनंतर आठ वर्षं थांबून पुन्हा लागली तर ४,७१,०००. वर्षं २७ टक्के गेली, मूल्य मात्र ३७ टक्के गेलं, कारण आधीच्या वर्षांचा पैसा जड असतो. परत आल्यावर जुना पगार मिळत नाही, तो तोटा यात अजून धरलेलाच नाही.

एक खबरदारी. मागे जे 'शंभरातल्या तीस' धरल्या, त्या आकड्यात खंड पडलेल्या बायका आधीच मोजल्या गेल्या आहेत. तिथे पुन्हा आठ वर्षं वजा केलीत तर एकच नुकसान दोनदा धरल्यासारखं होईल.

कायद्याने २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे आणि ५० वा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक आहे. आठ वर्षांच्या खंडावर या दोन गोष्टींचा उपाय होऊ शकतो. अडचण अशी की रजेचा पगार बहुधा मालकाच्याच खिशातून जातो, आणि छोटा मालक मग तरुण बाईला कामावर घ्यायलाच कचरतो. नोकरी स्वीकारताना पगाराइतकीच पाळणाघराची चौकशी करा.

अंतराचा इतका परिणाम होतो का?

होतो. दिल्ली विद्यापीठाच्या विद्यार्थिनींवरच्या एका अभ्यासात मुली सुरक्षित रस्त्यासाठी कमी दर्जाचं कॉलेज पत्करतात असं आढळलं. मुलं तसं फार कमी प्रमाणात करतात. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या, तर माध्यमिक शाळेतला मुलींचा प्रवेश सुमारे ३२ टक्क्यांनी वाढला. इंदुरात पीथमपूरच्या कारखान्यांत आणि सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपन्यांत जागा आहेत, पण लोकमान्यनगरातून रात्री नऊच्या शिफ्टला जायचं कसं, हा प्रश्न मुलाला कोणी विचारत नाही. कंपनीची गाडी दारापर्यंत येते की चौकापर्यंत, एवढ्यावर होकार-नकार ठरतो. हिशेबात रिक्षाचं भाडं पगारातून वजा करून मगच तुलना करा.

नोकऱ्या समोर दिसल्या तर मुली जास्त शिकतात का?

शिकतात. दिल्लीच्या आसपासच्या खेड्यांत तीन वर्षं कॉल सेंटरच्या भरतीची माहिती घरापर्यंत नेण्याचा प्रयोग झाला. त्या गावांतल्या मुलींचं शिक्षण वाढलं आणि लग्नं पुढे गेली. बांगलादेशात कपड्यांच्या कारखान्यांजवळच्या गावांतही असंच दिसलं.

सर्वेक्षणात नेमकं काय विचारायचं?

'तुम्ही काम करता का?' हा प्रश्न विचारूच नका. उत्तर येतं, 'नाही, घरीच असते.' आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात पिकोचं मशीन, शेजारी फॉल लावायच्या साड्यांचा गठ्ठा, प्रत्येक साडीला टाचणीने नावाची चिठ्ठी. विचारायचं असं: महिन्याला साड्या किती येतात? एकीचे किती घेता? फॉलपट्टी-दोऱ्याला किती जातात? एका साडीला वेळ किती? धरू की ६० साड्या, ९० रुपये, त्यातले ३० सामानाचे, पाऊण तास वेळ. निव्वळ ३,६०० रुपये, ४५ तास, तासाला ८०. राष्ट्रीय पाहणीच्या संकेतांकांच्या भाषेत ही बाई ९२ म्हणजे 'फक्त घरकाम' नव्हे, ११ म्हणजे 'स्वतःचा धंदा' आहे. नवऱ्याच्या किराणा दुकानात बसणारी असेल तर २१, बिनपगारी मदतनीस. तिची कमाई शून्य लिहिली जाते आणि शून्याचा लॉग निघत नाही, म्हणून ती समीकरणातून गळते. किती गळाल्या ते तक्त्यात वेगळं दाखवा.

कमाई महिन्याची नको, तासाची घ्या. खाजगी शाळेतली शिक्षिका १०,००० वर रोज पाच तास, २५ दिवस काम करते: तासाला ८०. दुकानातला पुरुष १५,००० वर दहा तास, २६ दिवस: तासाला ५८ च्या आत. महिन्याने मोजलंत तर दुकान जिंकतं.

अनुभवासाठी 'वय वजा शिक्षणाची वर्षं वजा सहा' हे सूत्र बायकांना लावू नका. खंडाची सगळी वर्षं त्यात अनुभव म्हणून चढतात. प्रत्यक्ष किती वर्षं काम केलं ते विचारा, मुलांच्या जन्मसालाशी जोडून विचारलंत तर आठवण पक्की निघते. आणि नवऱ्यासमोर पगार विचारू नका, आकडा खाली येतो.

नमुना किती मोठा हवा?

विद्यार्थ्यांना वाटतो त्यापेक्षा पुष्कळ. शिक्षणाचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) ४ वर्षं आणि पगाराच्या लॉगचं, समीकरणाने न उलगडलेलं, उरलेलं विचलन ०.६ धरलं, तर २०० कमावत्या बायकांवरून काढलेला परतावा वरखाली २ टक्क्यांनी डळमळतो. पुरुष-बायकांमधला फरकच मुळात २ टक्क्यांचा शोधायचा असेल, तर दोन्ही बाजूंना सव्वाचारशेच्या वर कमावती माणसं लागतात, तेही जेमतेम. शहरातल्या १०० बायकांत २८ श्रमबलात धरल्या, तर दीड हजारांहून जास्त बायकांपर्यंत पोचावं लागेल. पन्नास-पन्नासच्या नमुन्यावर 'इंदुरात मुलींचा परतावा जास्त' असं लिहिणारा प्रबंध परत येणारच.

मग घरोघर न फिरता तयार आकडेवारी मिळते का?

मिळते. श्रमबल सर्वेक्षणाची व्यक्तिनिहाय नोंदींची फाइल सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मोफत उतरवता येते. तीन गोष्टी सांभाळा. पगारदाराची कमाई मागच्या महिन्याची असते, स्वयंरोजगाराची मागच्या ३० दिवसांची, आणि रोजंदारीची आठवड्यातल्या एकेका दिवसाची. तिन्ही एका मापात आणल्याशिवाय मिसळू नका. प्रत्येक ओळीबरोबर दिलेला भारांक (ती नोंद किती लोकांच्या वतीने आहे तो आकडा) वापरा. आणि २०२४ पर्यंतच्या फाइलींत शहरी घरांना चार वेळा भेट दिलेली असते, म्हणून फक्त पहिल्या भेटीच्या नोंदी घ्या, नाहीतर तीच बाई चारदा मोजली जाईल. मध्यप्रदेशातल्या शहरी, पगारदार बायका एका वर्षात फार थोड्या सापडतात, तेव्हा दोन-तीन वर्षं एकत्र करा आणि आधीच्या वर्षांचा पगार महागाईच्या निर्देशांकाने वाढवून घ्या.